नाचणगावातला सातवा प्रश्न

मी एकोणीस वर्षांची असताना मला पहिली नोकरी लागली, आणि ती होती तीन आठवड्यांची. काम असं होतं की गावातल्या घरोघरी जायचं आणि माणसं गरीब का असतात असं तुम्हाला वाटतं, हे विचारून लिहून आणायचं.

इंटरची परीक्षा पास होऊन मी वर्ध्याला घरी बसले होते. घरी बसले होते म्हणजे माझ्यासाठी स्थळं पाहणं चालू होतं, ती एकामागून एक मोडत होती आणि त्याचं मला मनातून बरंच वाटत होतं. वडील कचेरीत कारकून होते. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे कचेरीत अर्धे कागद हिंदीत येत आणि वडील घरीसुद्धा रागावले की हिंदीत रागावत. एक दिवस ते सांगत आले की नागपूरचे एक अर्थशास्त्राचे प्राध्यापक आले आहेत आणि त्यांना पाहणीसाठी एक शिकलेली मुलगी हवी आहे. त्यांनी पाठवलेल्या पुरुषमाणसांना बायका दारातून परत पाठवत होत्या. एका घरी तर बाईनं आतूनच ‘घरी कोणी नाही’ असं ओरडून सांगितलं होतं.

सरकार गुरं मोजतं, विहिरी मोजतं, हे वडिलांना ठाऊक होतं. पण लोकांना गरिबीबद्दल काय वाटतं हे मोजायचं कसं आणि मोजून ठेवायचं कुठे, हे त्यांना काही केल्या उमगेना. तरी त्यांनी होकार दिला, कारण माझ्याबरोबर आमच्या शाळेतल्या बाई जाणार होत्या. बाई पन्नाशीच्या, उंच, खादीचं पातळ नेसणाऱ्या. लग्न झाल्यावर वर्षभरातच त्यांचे यजमान गेले होते आणि तेव्हापासून त्या शिकवत होत्या. वर्गात त्यांनी नुसती मान वर केली तरी चाळीस मुली गप्प होत. अशा बाई बरोबर असताना मुलीला चंद्रावर पाठवायलाही वडिलांची हरकत नव्हती.

दोन दिवस आम्हाला शिकवलं. प्राध्यापकांना आम्ही सर म्हणायचो. सर शिडशिडीत, चष्मा नाकावरून सारखा घसरणारा, बोलणं हळू. छापील तक्ता होता आणि त्यात चौदा प्रश्न होते. प्रश्न जसा छापला आहे तसाच वाचायचा, उत्तर सुचवायचं नाही, उत्तर ऐकून हसायचं नाही आणि कपाळाला आठी घालायची नाही. चेहरा धुतलेल्या पाटीसारखा ठेवायचा. आणि खाडाखोड तर मुळीच करायची नाही. सातवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, असं सर म्हणाले. ‘आपल्या मते दारिद्र्याचे मुख्य कारण कोणते?’ खाली पाच उत्तरं होती: दैव, आळस, व्यसन, शिक्षणाचा अभाव, समाजाची रचना. सहावं होतं ‘सांगता येत नाही’.

सवय व्हावी म्हणून आधी आमच्याकडूनच एकेक तक्ता भरून घेतला. सातव्या प्रश्नाला मी क्षणभरही न थांबता ‘आळस’वर खूण केली. आमच्या घरी हेच बोललं जायचं, शेजारीही हेच बोललं जायचं, आणि मला वाटायचं की ज्याला काम करायचं आहे त्याला काम मिळतंच. सरांनी सगळ्यांचे तक्ते गोळा केले, एकेक वाचला आणि पिशवीत टाकला.

आम्हाला नाचणगाव मिळालं. पॅसेंजर गाडीनं पुलगावला उतरायचं आणि तिथून टांगा. गावातल्या हेडमास्तरांच्या घरी मागची खोली मिळाली. कापूस वेचायचे दिवस होते. सकाळी पुलगावच्या गिरणीचा भोंगा ऐकू यायचा आणि त्या आवाजावर गावातल्या निम्म्या चुली पेटायच्या.

पहिल्याच घरी आमची फजिती झाली. ओसरीवर एक म्हातारेबुवा बसले होते. मी चेहरा पाटीसारखा करून सातवा प्रश्न वाचला, आपल्या मते दारिद्र्याचे मुख्य कारण कोणते? म्हाताऱ्यानं गळ्यातली माळ बाहेर काढून दाखवली आणि सांगितलं की मी दारूले कधी शिवलो नाई, पाहिजे तं साऱ्या गावाले इचारा. मी पुन्हा प्रश्न वाचला. त्यांनी पुन्हा माळ दाखवली. आता त्यांचा आवाज जरा चढला होता. घरातून सून बाहेर आली आणि तिनं आम्हाला सांगितलं की दारू पिणारे पलीकडच्या गल्लीत राहतात, तुम्ही चुकून इकडे आलात.

तिथून बाहेर पडल्यावर बाई पिंपळाच्या पारावर बसल्या आणि अंग हलेपर्यंत हसल्या. बाईंना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी शांतपणे ठरवून टाकलं की प्रश्न आधी छापल्याप्रमाणे वाचायचा आणि लगेच आपल्या भाषेत सांगायचा: माणूस गरीब काऊन राह्यते? नियमात हे बसत नव्हतं. बाई म्हणाल्या की नियम करणाऱ्याला दारूबद्दलची उत्तरं हवी असतील तर गोष्ट वेगळी.

त्यानंतर काम चालू लागलं, पण नवी अडचण आली. अकरावा प्रश्न होता, ‘आपण स्वतःस गरीब समजता काय?’ त्याला कोणी हो म्हणेना. ज्याच्याकडे एक बैल होता तो म्हणायचा, ज्याच्याकडे बैल नाही तो गरीब. ज्याच्याकडे बैल नव्हता तो म्हणायचा, माझे हातपाय धड आहेत, मी कसा गरीब? एका बाईच्या घरावर कौलंही धड नव्हती, पण आम्ही गरिबीचं विचारतो आहोत हे कळल्यावर तिनं आम्हाला बसवून घेतलं, चहा केला आणि मगच सांगितलं की गरीब इथं कोणी राहत नाही. चार दिवसांत आम्ही तीस घरं केली आणि कागदावर नाचणगाव हे सुखी लोकांचं गाव झालं. मला काळजी वाटू लागली की सर म्हणतील, या दोघी घरी बसूनच तक्ते भरतात.

यादीतलं एक घर मात्र काही केल्या हाताला लागत नव्हतं. ते गावच्या सुईणीचं होतं. गावाच्या टोकाला तिची एका खोलीची झोपडी होती, पुढे सारवलेलं अंगण आणि दाराला कडी. सकाळी जावं तर ती वावरात, म्हणजे शेतात, वेचणीला गेलेली. दुपारी जावं तर कोणाकडे बाळंतपणाला. तिच्याबद्दल मात्र सगळं गाव बोलायचं. गावातल्या चाळिशीच्या आतल्या बहुतेक सगळ्यांना तिनंच या जगात आणलं होतं. शाळेच्या हेडमास्तरांनाही तिनंच आणलं होतं आणि रस्त्यात भेटले की ती त्यांना भर लोकांत सांगायची की तू पायाकडून आला होतास, मला फार त्रास दिलास.

पाचव्या दिवशी यादीप्रमाणे आम्ही पाटलांच्या घरी गेलो. मोठं घर, मोठी ओसरी, अंगणात कापसाचा ढीग. पाटलीणबाई जाडजूड, कपाळावर मोठं कुंकू, बोलायला मोकळ्या. त्यांनी आम्हाला ओसरीवर बसवलं आणि स्वतः सुपारी कातरत उत्तरं देऊ लागल्या. घरातली माणसं किती, या प्रश्नाला त्यांनी सात सांगितलं, मी सात लिहिलं. तेवढ्यात आतून कण्हण्याचा आवाज आला. पाटलीणबाई म्हणाल्या की लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे, सकाळपासून कळा सुरू आहेत, सुईण आत आहे, तुमचं चालू द्या. सुपारीची खांडं मात्र त्यांच्या मांडीवर पडत होती आणि त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

सहाव्या प्रश्नापर्यंत आलो आणि आतलं दार उघडलं. दारात एक बुटकी, काळीसावळी बाई उभी. केस पांढरे, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. ज्या सुईणीला आम्ही चार दिवस शोधत होतो ती हीच. घरातल्या सगळ्या बायका वावरात होत्या आणि पाटलीणबाईंना आत घेतलं तर त्याच रडायला लागतील, असं तिनं सरळ सांगितलं. तिनं आमच्या दोघींकडे पाहिलं. बाई उठून आत गेल्या, उंबऱ्यातून एकदा पाहिलं आणि पांढऱ्याफटक होऊन मागे आल्या. चाळीस मुलींना धाकात ठेवणाऱ्या माझ्या बाईंना रक्त पाहवत नव्हतं. त्या ओसरीच्या खांबाला टेकून बसल्या आणि पाटलीणबाईच त्यांना वारा घालू लागल्या.

“मंग तू ये,” सुईण मला म्हणाली. “तिचा हात धर. आन् तिच्या तोंडाकडे पाह्यजो, दुसरीकडे नोको पाहू.”

लग्न न झालेल्या मुलीनं बाळंतिणीच्या खोलीत जायचं नसतं, हे मला माहीत होतं. पण मला ते कोणी सांगायच्या आत मी आत गेलेली होते. खोलीत धुराचा आणि ओव्याचा वास होता. खाटेवर माझ्याच वयाची मुलगी होती. तिनं माझा हात असा धरला की बांगडी फुटून मनगटात रुतली. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. सुईण सगळा वेळ बोलत होती. तुझ्या वेळी तुझ्या मायनं सगळी आळी जागी केली होती, तुझा बाप गोठ्यात जाऊन लपला होता, असं काहीबाही सांगून ती त्या मुलीला कळांमध्येही हसवत होती. किती वेळ गेला मला कळलं नाही. मग एकदम एक बारीक, रागावलेला आवाज आला, जणू कोणी कोणाला झोपेतून उठवलं आहे. मुलगी झाली होती.

मी रडत होते आणि हसतही होते. सुईणीनं जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळून ते बाळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “घे. तुह्या कागदात हिले पन मोज.”

मी बाहेर येऊन पहिल्यांदा तेच केलं. सात खोडून आठ लिहिलं. बाई अजून खांबाला टेकून होत्या, पण त्यांच्या गालांवर रंग परत आला होता आणि त्यांनी खाडाखोड पाहिली तरी मला काही म्हटलं नाही.

पाटलीणबाईंनी सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला. पोरगी झाली म्हणून त्यांचं तोंड उतरेल असं मला वाटलं होतं, पण त्या बाळाच्या नाकाचं कौतुक करताना थांबेनात. नाक त्यांच्यासारखं होतं. मग त्याच म्हणाल्या की काम अर्धं ठेवू नये, राहिलेलं विचारून टाका. सुईण अंगणात पाटावर पाय पसरून बसली होती आणि पायांवर बाळ घेऊन त्याला कोमट पाण्यानं न्हाऊ घालत होती. तिच्या शेजारी कान तुटलेला एक कप होता. तिच्यासाठी वेगळा ठेवलेला. ज्या हातांनी नात घरात आणली त्या हातांना घरातला कप चालत नव्हता. मी ते पाहिलं आणि तेव्हा गप्प राहिले, हे मला आजही आठवतं.

मी सातवा प्रश्न आधी छापील भाषेत वाचला, मग आमच्या भाषेत सांगितला आणि पाचही उत्तरं वाचून दाखवली.

“आळस लिवा,” पाटलीणबाई लगेच म्हणाल्या. “वेचनीले मानसं भेटत नाई, आन् मंग म्हन्तात आमी गरीब आहो.”

सुईणीनं मान वर केली नाही. बाळाच्या पाठीवरून हात फिरवत ती अगदी सहज म्हणाली, “मी आळशी असती तं तुमची नात अजून पोटातच असती, पाटलीनबाई.”

मी माझा चेहरा पाटीसारखा ठेवण्याचा जिवापाड प्रयत्न करत होते. आणि मग आतून, खाटेवरून, बाळंतिणीच्या हसण्याचा आवाज आला. हसता हसता तिला दुखत होतं, ती ‘आई गं’ म्हणायची आणि पुन्हा हसायची. तिचं ऐकून पाटलीणबाईंचा ओठ हलला. त्यांनी पदर तोंडावर धरला, पण त्यांचं सगळं अंग गदगदत होतं. शेवटी त्या डोळे पुसून म्हणाल्या की खोडा ते.

मी खोडलं. त्याच कागदावरची दुसरी खाडाखोड. मग काय लिहू, असं विचारलं. मला सुचवायची परवानगी नव्हती म्हणून मी पाचही उत्तरं पुन्हा वाचली. कासाराकडच्या बांगड्या पाहाव्यात तसं त्यांनी एकेक उत्तर ऐकलं आणि प्रत्येकाला नाही म्हणून मान हलवली.

“मले माहीत नाई असं लिवा,” त्या म्हणाल्या. “आज खुशीचा दिस आहे. आज खोटं कायले बोलू?”

सुईणीचा तक्ता मात्र अजून राहिलाच होता. बाळाला आईजवळ ठेवून ती निघाली तेव्हा मी तिच्या मागे गेले आणि म्हटलं, मावशी, आता तुमची पाळी. तिनं सांगितलं की बोलायचं असेल तर उद्या वावरात ये, घरी मला वेळ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आणि मी पाटलांच्या वावरात गेलो. दहिवर अजून वाळलं नव्हतं. सगळं वावर पांढरं फुललेलं आणि बायका ओळीनं पुढे सरकत होत्या. कमरेला बांधलेल्या पदराच्या ओटीत कापूस भरत होत्या, आणि एकीनं गाणं सोडलं की दुसरी उचलत होती. सुईणीनं मला पाहिलं आणि म्हणाली की रिकाम्या हातानं उभं राहून माझ्याशी बोलायचं नाही. मग असं झालं की मी पदर खोचून तिच्या शेजारच्या ओळीत वेचू लागले, वेचता वेचता प्रश्न विचारू लागले, आणि बाई धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बोरीखाली बसून तक्त्यावर लिहू लागल्या. एका ओळीच्या टोकाला पोचलो की मी उत्तरं ओरडून सांगायची आणि बाईंनी लिहायची. पाहणीच्या इतिहासात असं काम कोणी केलं नसेल.

वेचणी म्हणजे सोपी गोष्ट, असं मला वाटत होतं. कापूस बोंडातून अलगद निघायला पाहिजे. पण बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी असतात. पहिल्या ओळीतच माझ्या बोटांतून रक्त निघालं आणि माझ्या कापसाला लाल डाग पडले. सुईण दोन हातांनी वेचत होती, तिचे हात दिसतसुद्धा नव्हते. मी एक झाड उरकेपर्यंत ती पाच झाडं पुढे गेलेली असायची आणि मला प्रश्न ओरडून विचारावे लागायचे. त्यामुळे ते सगळ्या बायकांनी ऐकले आणि उत्तरंही सगळ्यांनी मिळून दिली.

अकराव्या प्रश्नाला, तुम्ही स्वतःला गरीब समजता का, याला सुईण चटकन हो म्हणाली. तीस घरांनंतर पहिलं ‘हो’. बाईंनी धुऱ्यावरून हात वर करून मला ते पुन्हा विचारायला लावलं.

“हो लिव्ह,” ती म्हणाली. “त्यात लाज कायची? मी काई चोरी नाई केली.”

मग मी सातव्या प्रश्नाकडे परत आले. ती वेचायची थांबली. संपूर्ण सकाळभरात ती तेव्हा पहिल्यांदा थांबली. तिनं सांगितलं की बाळंतपण केलं आणि पोरगा झाला तर तिला दोन पायल्या ज्वारी मिळते, पोरगी झाली तर एक.

“कळा तितक्याच. मेहनत तितकीच. मंग मले अर्धी जवारी काऊन?” तिनं विचारलं. “थे मले नोको इचारू, पोरी. मी घेनारी. देनाऱ्याले इचार.”

मी ते बाईंना जसंच्या तसं सांगितलं. बाई म्हणाल्या की हे पाचांतल्या कोणत्याही उत्तरात बसत नाही. त्यांनी तक्ता उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सगळं लिहून काढलं, तिच्याच शब्दांत.

ती पुन्हा वेचायला लागली आणि मग तिनं मला विचारलं की तू काय लिहिलं होतंस. मला खोटं बोलता आलं असतं. पण बोटांतून रक्त येत असताना खोटं बोलणं जड जातं. मी म्हटलं, आळस. ओळीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. मला वाटलं आता या मला वावराबाहेर काढणार. सुईणीनं माझ्या ओटीत हात घालून कापूस चाचपून पाहिला, मूठभरच होता, आणि म्हणाली, “मंग आज तूच साऱ्यांत गरीब.”

त्या ज्या हसल्या! मीही हसले, आणि हसता हसता माझ्या मानेवरून काहीतरी मोठं उतरल्यासारखं मला वाटलं. एका बाईनं बोटांना लावायला तिच्या भाकरीवरचं तेल दिलं. दुसरीनं बोंड कसं धरायचं ते दाखवलं. खालून धरायचं, वरून नाही.

आणि नेमके त्या वेळी धुऱ्यावर सायकल घेऊन सर उभे होते. ते कामाची तपासणी करायला आले होते. हेडमास्तरांनी त्यांना वावराकडे पाठवलं होतं. आपली एक मुलगी पदर खोचून कापूस वेचते आहे आणि बाई बोरीखाली बसून बोरं खात तक्ता भरताहेत, हे त्यांनी पाहिलं आणि चष्मा नाकावर सरकवायचंही ते विसरले. मी पळत गेले. त्यांनी पिशवीतले तक्ते मागितले आणि तिथेच धुऱ्यावर बसून एकेक पाहू लागले.

पाटलीणबाईंचा तक्ता हातात येताच ते थांबले. दोन खाडाखोडी कशासाठी, असं त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. ते गंभीरपणे म्हणाले की पहिली खाडाखोड चूक आहे, लेक सासरची, बाळही सासरचं, त्या घरात माणसं सातच धरायची. मी मान खाली घातली. दुसरीकडे पाहताना मात्र त्यांचा खालचा ओठ दाताखाली गेला होता आणि खांदे हलत होते. मग त्यांनी सुईणीच्या तक्त्याची मागची बाजू वाचली, एकदा, आणि पुन्हा एकदा.

दुपारच्या भाकरीची वेळ झाली होती. बायका धुऱ्यावर येऊन बसल्या, शिदोऱ्या सुटल्या, आणि पाहुण्याला नाही कसं म्हणायचं म्हणून सरांच्या हातावरही भाकरी आणि मिरचीचा ठेचा आला. पहिल्याच घासाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाईंनीही भाकरी घेतली, आणि ती सुईणीच्या शिदोरीतली घेतली, तिच्या शेजारी बसून. वर्ध्याच्या आमच्या आळीत हे कळलं असतं तर चार घरांनी त्यांना हळदीकुंकवालाच काय, अंगणातही बोलावलं नसतं. हळदीकुंकवाला तसंही बोलावत नव्हते, असं त्या नंतर मला म्हणाल्या.

सुईण सरांकडे बराच वेळ पाहत होती. मग तिनं विचारलं, “सायेब, तुमी साऱ्यायले इचारून राह्यले का गरीब काऊन आहे. तुमी सांगा, तुमी काऊन गरीब नाई?”

सर एकदम उत्तर देतील असं मला वाटलं, ते शिकवायचे ना. पण ते भाकरी हातात धरून खरंच विचार करत बसले.

“माझ्या आजोबांची शेती होती,” ते म्हणाले. “म्हणून वडील शिकले, म्हणून मी शिकलो. मी स्वतः फारसं काही केलेलं नाही.”

“मंग लिवा थे,” सुईण म्हणाली.

त्यांनी बाईंकडून टाक घेतला आणि एका कोऱ्या तक्त्याच्या मागे ते लिहिलं. खाली सहीसुद्धा केली. तक्त्यावर सही करायची नसते, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

त्या दिवसापासून आमच्या पाहणीत बदल झाला. प्रत्येक तक्त्याची मागची बाजू उत्तर देणाऱ्याच्या स्वतःच्या शब्दांसाठी ठेवली. नागपूरच्या कार्यालयातून सूचना आली की ही गावंढळ भाषा शुद्ध करून पाठवावी, तेव्हा सरांनी उलट कळवलं की ती शुद्धच आहे. आम्ही झालेली घरं पुन्हा पहिल्यापासून केली, आणि आता लोक मोकळेपणानं बोलू लागले, कारण वावरातली हकिगत गावभर झाली होती. ज्या म्हातारेबुवांनी मला माळ दाखवली होती त्यांनी मला हाक मारून बोलावलं आणि सातव्या प्रश्नावर अर्धा तास सांगितलं. त्यातला बराच भाग त्यांच्या भावकीतल्या वाटणीबद्दल होता, पण मी सगळं लिहिलं.

आमच्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी पाटलांकडे बाळाचं बारसं होतं. आम्हाला आग्रहाचं बोलावणं होतं. पाळणा कापसाच्या बोंडांनी सजवला होता, बायकांनी पाळणे म्हटले, घुगऱ्या वाटल्या. सुईणीला नवं हिरवं लुगडं मिळालं आणि ज्वारी मोजायची वेळ आली तेव्हा पाटलीणबाईंनी पायली दोनदा भरली. कोणा म्हाताऱ्या बाईनं हळूच आठवण दिली की मुलगी आहे. पाटलीणबाईंनी जरा मोठ्या आवाजात सांगितलं की मला दिसतं आहे. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी नुसती मूठभर वर टाकली. ती मूठ कशासाठी, असं सुईणीनं विचारलं. पाटलीणबाई हसून आत गेल्या.

चहा आला. सुईणीचा कप अजून तोच होता, कान तुटलेला. बाईंनी आपला कानाचा कप खाली ठेवला, तसलाच एक तुटक्या कानाचा कप मागून घेतला आणि त्यातून चहा प्यायल्या. मीही तसंच केलं. घरात तसले कप तीनच होते. नंतर बाळंतीण बाहेर आली, तिनंही तसलाच कप मागितला, आणि घरात आता तसला कप उरला नव्हता म्हणून तिनं हसत सुईणीच्याच कपातला अर्धा चहा आपल्या बशीत ओतून घेतला.

दुपारी टांगा आला. सुईण वावरातून थेट आम्हाला पोचवायला आली होती, लुगडं अजून जुनंच नेसून, कारण नवं लुगडं नेसून वेचणी होत नाही. तिनं माझी बोटं उलटीसुलटी करून पाहिली, जखमा भरत आल्या होत्या, आणि पुढच्या वेळी येशील तेव्हा दोन ओळी घ्यायच्या, असं बजावून ती आल्या पावली वावराकडे परत गेली.